इंटरनेट रेडिओ मधेच थांबतो, काही स्टेशनं लागतच नाहीत: आधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की भावाने जर्मनीहून आणलेला सात-आठ वर्षं जुना इंटरनेट रेडिओ बाबांच्या खोलीत आहे, हल्ली तो दहा-पंधरा मिनिटं वाजतो आणि मग बफरिंग दाखवत बसतो, रात्री जास्तच त्रास होतो, आकाशवाणीची बरीच स्टेशनं लागतच नाहीत, फोनवर मात्र तीच स्टेशनं व्यवस्थित वाजतात, तर राउटर बदलू का रेडिओच बदलू, की एकदा फॅक्टरी रिसेट मारून बघू.

तिन्ही आत्ता करू नका. विशेषतः रिसेट तर अजिबात नको. रिसेट केला की बाबांचे सगळे प्रीसेट, म्हणजे बटणांवर साठवलेली स्टेशनं, जाणार, आणि ते ज्या सर्व्हरवरून परत भरायचे तो सर्व्हरच बंद झालेला असेल तर आज जेवढं वाजतंय तेवढंही वाजणार नाही. मी वीस-बावीस वर्षं नाशिकमध्ये रेडिओ दुरुस्ती आणि घरगुती नेटवर्किंगची कामं करतोय, आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा सेटपैकी बऱ्याचशांमध्ये सेट ठणठणीत असतो पण घरच्यांनी चार वेळा रिसेट करून मूळ लक्षणंच पुसून टाकलेली असतात, मग नेमकं काय बिघडलं होतं ते शोधायला दुप्पट वेळ जातो.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी इथे एक नाही, दोन वेगळे बिघाड दिसतायत. वाजता वाजता थांबणं हा एक आणि स्टेशन मुळातच न लागणं हा दुसरा. दोन्ही एकत्र धरले तर गोंधळ होईल, म्हणून वेगवेगळे बघू.

आधी हे समजून घ्या की आवाज बाबांपर्यंत येतो कसा. स्टेशनचा सर्व्हर कुठेतरी दूर, तिथून तुमच्या इंटरनेटच्या लाइनवर, लाइनवरून राउटरला, राउटरवरून वायफायने रेडिओला. शिवाय अजून एक कडी आहे जी कुणाच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे स्टेशनांची यादी. रेडिओला "विविध भारती" म्हणजे नेमका कुठला पत्ता हे स्वतःला माहीत नसतं, तो एका डिरेक्टरी सर्व्हरला विचारतो आणि तो सर्व्हर त्याला पत्ता देतो. यातलं कुठलंही एक तुटलं तरी स्क्रीनवर दिसणारा मेसेज साधारण तोच, "नेटवर्क एरर" नाहीतर "स्टेशन उपलब्ध नाही".

आणि फोनवर वाजतं म्हणजे नेट चांगलं आहे, हा निष्कर्ष काढू नका. फोन बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला असतो, तुमचा रेडिओ त्या काळातला असल्यामुळे बहुतेक फक्त २.४ वर चालतो. फोनचं वायफाय ढिलं पडलं की तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तुम्हाला कळतही नाही. शिवाय फोनमधलं अॅप भरपूर मोठा बफर, म्हणजे आगाऊ साठवलेला आवाज, ठेवतं, रेडिओत मेमरी तुटपुंजी असते. म्हणजे तुलना सारखी नाहीये.

आता पहिली परीक्षा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. फोनचा मोबाइल हॉटस्पॉट चालू करा, त्यात बँड २.४ निवडा (आयफोन असेल तर हॉटस्पॉटमध्ये कम्पॅटिबिलिटी वाढवायचं बटण असतं ते चालू करा), फोन रेडिओच्या शेजारी ठेवा आणि रेडिओ त्या हॉटस्पॉटला जोडून तासभर वाजू द्या. डेटाची काळजी नको, १२८ केबीपीएसचं स्टेशन तासाला साधारण ५८ एमबी खातं. ज्या स्टेशनवर थांबण्याचा त्रास होतो तेच लावा, आणि रात्री ज्या वेळेला त्रास होतो त्याच वेळेला करा, दुपारी दोनला करून उपयोग नाही. हॉटस्पॉटवर तासभर न थांबता वाजला तर रेडिओ निर्दोष, बिघाड घरच्या वायफायमध्ये किंवा लाइनमध्ये आहे. हॉटस्पॉटवरही तसाच थांबला तर मग सेटकडे किंवा स्टेशनकडे वळायचं. एका तासात अर्धी शोधमोहीम संपते आणि एक रुपया खर्च होत नाही.

माझा अंदाज विचाराल तर हॉटस्पॉटवर तो नीट वाजेल. मग वायफाय.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल दिसायला १३ असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये वीस-पंचवीस राउटर त्याच तिघांत कोंबलेले असतात, आणि रात्री आठनंतर सगळे घरी येऊन व्हिडिओ लावून बसले की गर्दी होते, तुमचा "रात्री जास्त त्रास" यातून येऊ शकतो. फोनवर वायफाय अॅनालायझरचं एखादं फुकट अॅप टाका, बाबांच्या खोलीत उभं राहून बघा कुठला चॅनल त्यातल्या त्यात मोकळा आहे, आणि राउटरमध्ये ऑटो काढून तो चॅनल पक्का करा. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको, रेडिओला वेग लागत नाही, त्याला स्थिरपणा लागतो. १२ आणि १३ वर ठेवू नका, भारतात ते चालतात पण अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेल्या सेटना ते चॅनल दिसतच नाहीत. तुमचा सेट युरोपातला आहे म्हणून दिसेलही, पण घरात उद्या दुसरं काही येईल, तेव्हा १, ६, ११ मध्येच राहिलेलं बरं.

राउटर नवीन असेल तर बहुतेक २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं आणि राउटर स्वतः उपकरणांना इकडून तिकडे ढकलत राहतो. जुन्या रेडिओला हे झेपत नाही, त्याला ढकललं की तो सरळ सुटतो. म्हणून २.४ ला वेगळं नाव द्या, साधं, मधे स्पेस किंवा चिन्हं नसलेलं. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए३ असेल तर ते जुन्या सेटला कळत नाही, मिश्र मोडवरही काही सेट अडखळतात, म्हणून २.४ च्या त्या नावाला फक्त डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा. पासवर्ड टाकताना रेडिओचं गोल बटण फिरवत एकेक अक्षर निवडावं लागतं, तिथे कॅपिटल-स्मॉलची चूक हमखास होते, बाबांना करायला लावू नका, तुम्ही स्वतः करा.

जागेचंही बघा. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि रेडिओ आतल्या खोलीत लोखंडी कपाटाशेजारी, ही मांडणी मी किती घरांत पाहिली असेल. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, आरसीसीचा कॉलम, यातलं काहीही मधे आलं की सिग्नल निम्म्याहून खाली येतो. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे जेवण गरम करताना रेडिओ थांबत असेल तर कारण तिथेच सापडलं. रेडिओ दोन फूट सरकवून, भिंतीपासून वीतभर पुढे घेऊन बघा, कधी कधी एवढ्यानेच काम होतं. आणि सेटच्या मागे लॅन केबलची खोबण असेल तर एक पंधरा-वीस मीटरची केबल टाकून देणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय, सगळ्या वायफायच्या कटकटी एका झटक्यात जातात.

इथे एक अनुभव सांगतो कारण तुमच्या लक्षणाशी जुळतो. एका आजोबांचा सेट, रोज थांबायचा, कधी दहा मिनिटांनी कधी अर्ध्या तासाने, राउटर आणि रेडिओ दोन्ही बंद-चालू केलं की थोडा वेळ ठीक, परत तेच. सिग्नल पूर्ण, चॅनल मोकळा, अॅडॅप्टर चांगला, मी दोनदा हात हलवत परत आलो. तिसऱ्या वेळी त्यांच्या सूनबाईंना सहज विचारलं की हे नक्की कधीपासून, तर म्हणाल्या दिवाळीत सीसीटीव्ही बसवले तेव्हापासून. कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) एक पक्का आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा नंबर, टाकला होता, आणि राउटर आपोआप वाटत असलेल्या पत्त्यांमध्येच तो पडत होता, म्हणजे राउटरने रेडिओलाही तोच पत्ता दिला. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं, पत्र कधी याला कधी त्याला. राउटरमध्ये जाऊन रेडिओसाठी वेगळा पत्ता राखून ठेवला, पाच मिनिटांचं काम, त्यानंतर आजोबांचा फोन आला तो फक्त नमस्कार सांगायला. म्हणून तुम्हीही आठवून बघा, त्रास सुरू झाला त्याच्या आसपास घरात नवीन काय आलं, कॅमेरा, स्मार्ट टीव्ही, वायफाय एक्सटेंडर, नवीन राउटर. आणि काही आलेलं नसलं तरी राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) रेडिओचा पत्ता राखून ठेवाच, तोटा काही नाही.

हे सगळं करूनही थांबत असेल तर लाइन. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा, एकीत राउटरला सतत पिंग करा (म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा) आणि दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, आणि रेडिओ थांबतो त्या क्षणी दोन्हीकडे बघा. लॅपटॉप बाबांच्या खोलीतच ठेवायचा आणि त्याच २.४ च्या नावाला जोडायचा. राउटरचे आकडेच उड्या मारत असतील किंवा टाइमआउट येत असेल तर दोष वायफायचा. राउटर शांत आणि फक्त ८.८.८.८ अडखळतंय तर लाइनचा, मग इंटरनेटवाल्याला फोन करताना हा पुरावा हाताशी ठेवा, नाहीतर ते स्पीड टेस्ट करायला सांगतात आणि ती १०० एमबीपीएस दाखवते आणि विषय संपतो. रेडिओला १०० नकोच आहेत, त्याला ०.१२८ हवेत पण सलग हवेत. रेडिओच्या बफरचा हिशोब साधा आहे, १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १६ केबी, बफर २५६ केबीचा असेल तर १६ सेकंदांची शिदोरी. लाइन वीस सेकंद गेली की रेडिओ गप्प, आणि तेवढ्या वेळात फोनवरच्या माणसाला काही कळलेलंही नसतं. दोन्ही शांत असताना फक्त रेडिओ थांबला तर मात्र परत सेटकडे या.

आता दुसरा बिघाड, आकाशवाणी न लागणं. इथे मला जास्त लिहायचंय, कारण लोक यासाठी चांगले सेट भंगारात देतात आणि मला मनापासून वाईट वाटतं.

पूर्वी बहुतेक स्टेशनं साधा सलग एमपी३ प्रवाह सोडायची, शाउटकास्ट पद्धतीचा, १९९०च्या दशकाच्या शेवटी विनअॅप या संगणकावरच्या गाणी वाजवायच्या प्रोग्रामवाल्यांनी आणलेला. जुने रेडिओ त्याच्यासाठीच बनले. आता मोठे प्रसारक एचएलएस वापरतात, ज्यात आवाजाचे काही सेकंदांचे छोटे तुकडे असतात आणि एक यादी सतत बदलत राहते, पत्त्याच्या शेवटी एम३यू८ असतं. आकाशवाणीचे बरेच स्ट्रीम असे आहेत, अस्मिता वाहिनी, विविध भारती, २०१६ मध्ये सुरू झालेलं रागम, बाबा जे ऐकत असतील ते बहुधा यातलंच. ज्या सेटला एचएलएस कळत नाही तो "कनेक्ट होत आहे" म्हणत बसतो. बीबीसीनेही २०२३ मध्ये शाउटकास्ट प्रवाह बंद केले आणि जगभरातल्या कितीतरी जुन्या सेटवर बीबीसी लागेनाशी झाली, सेट बिघडले नव्हते.

दुसरं कारण एचटीटीपीएस. जुन्या सेटला एकतर सुरक्षित जोडणी येतच नाही, किंवा येते पण त्याच्यातली प्रमाणपत्रं, म्हणजे साइट खरी आहे हे पटवणारी डिजिटल ओळखपत्रं, जुनी. लेट्स एन्क्रिप्ट ही अनेक साइटना प्रमाणपत्रं देणारी संस्था ज्यावर विसंबून होती ते एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, त्यानंतर ज्या उपकरणांना अपडेट मिळाला नाही त्यांना अनेक साइट आणि स्ट्रीम उघडेनासे झाले. याच्याशी जोडलेली एक सोपी गोष्ट, रेडिओचं घड्याळ आणि तारीख बरोबर आहे का बघा, तारीख चुकीची असेल तर चांगलं प्रमाणपत्रही त्याला खोटं वाटतं.

तिसरं ती डिरेक्टरी, स्टेशनांची यादी देणारी. त्यातली रेसिव्हाची सेवा एप्रिल २०२१ च्या शेवटी बंद झाली, तिच्यावर चालणारे सेट स्टेशनांच्या यादीला कायमचे मुकले. फ्रंटियर कंपनीचं मॉड्यूल असलेले सेट, आणि बाजारातले बरेच त्यावरचेच असतात, २०१९ च्या मे महिन्यात व्हीट्यूनर या डिरेक्टरीवरून एअरेबल या दुसऱ्या डिरेक्टरीवर नेले गेले, त्या वेळी लोकांचे आवडते आणि स्वतः टाकलेले स्ट्रीम हरवले. तुमचा सेट कशावर चालतो ते मेनूत सिस्टीम, मग माहिती किंवा सॉफ्टवेअर व्हर्जनमध्ये दिसेल.

सेट का अडतोय हे कसं ओळखायचं, तर लॅपटॉपवर व्हीएलसी हा फुकट प्लेअर घ्या, त्यात नेटवर्क स्ट्रीम उघडून स्टेशनचा थेट पत्ता टाका. तिथेही वाजलं नाही तर स्टेशन बंद आहे किंवा पत्ता बदललाय, रेडिओला दोष देऊ नका. तिथे वाजलं तर व्हीएलसीमध्येच कोडेकची, म्हणजे आवाज कुठल्या प्रकारात बांधलाय त्याची, माहिती बघा. एमपी३ दिसलं आणि तरी रेडिओ वाजवत नाही तर बहुधा यादीत जुना पत्ता आहे, किंवा एचटीटीपीएसची अडचण. कोडेक एएसी आणि पत्त्यात एम३यू८ दिसलं तर वर सांगितलेलं एचएलएसचं कारण. आणि स्टेशन लागतं पण आवाज घोंगडीतून आल्यासारखा, वरचे सूर गायब, टाळ-झांजा ऐकूच येत नाहीत असं असेल तर स्पीकर बदलायला जाऊ नका. तो एचई-एएसी प्रकार आहे, त्यात वरच्या पट्टीची माहिती वेगळी गुंडाळलेली असते, जुना डीकोडर ती उलगडत नाही आणि फक्त खालचा अर्धा भाग वाजवतो.

यावर उपाय काय. आधी मेनूतून सॉफ्टवेअर अपडेट तपासा, काही सेटना एचएलएस नंतरच्या अपडेटने मिळालं, आणि अपडेट चालू असताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा. अपडेट नसेल तर सेटला ब्लूटूथ किंवा ऑक्सची खोबण आहे का बघा, एक जुना अँड्रॉइड फोन त्याला कायमचा जोडून ठेवा, त्यात आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर अॅप टाका, आकाशवाणीची बरीच केंद्रं मिळतील आणि आवाज त्या रेडिओच्या चांगल्या स्पीकरमधूनच येईल. बाबांना दोन उपकरणं हाताळायला जड जातंय का तेवढं मात्र बघा.

जड जात असेल तर मला आवडणारा उपाय वेगळा आहे. घरात एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, ठेवायचा, त्यात आइसकास्ट आणि एफएफएमपेग ही दोन सॉफ्टवेअर टाकायची. एफएफएमपेग आकाशवाणीचा एचएलएस प्रवाह घेतं, त्याचा १२८ केबीपीएस एमपी३ करतं आणि आइसकास्ट तो घरातल्या घरात ८००० पोर्टवर साध्या एचटीटीपीने सोडतं. रेडिओला तो त्याच्या तरुणपणीच्या स्टेशनांसारखाच दिसतो. सेटमध्ये स्वतःचा पत्ता टाकायची सोय हवी, नाहीतर डीएलएनए सर्व्हरमधून (घरच्या नेटवर्कवर गाण्यांची यादी पुरवणारी सोय) तो पत्ता यादीत दाखवायचा. यामाहा, डेनॉन, ओंकियोच्या जुन्या अँप्लिफायरवाल्यांसाठी वायकास्ट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते घरातच व्हीट्यूनरचं सोंग घेतं. एक शनिवार जातो या कामात, पण नंतर बाबा पूर्वीसारखं एक बटण दाबतात आणि अस्मिता वाहिनी लागते.

वीजपुरवठ्याचं थोडक्यात. आवाज वाढवला की सेट बंद होऊन परत चालू होतो किंवा वायफाय सुटतं, तर अॅडॅप्टर थकलाय. मल्टिमीटरने नुसतं मोजून कळत नाही, रिकाम्या अॅडॅप्टरला व्होल्टेज बरोबरच दिसतं, सेट वाजत असताना मोजायचं. बदलताना व्होल्टेज तंतोतंत तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिनची प्लस-मायनस दिशा छापलेल्या चित्राप्रमाणेच, घरातला दुसरा कुठलाही घुसवू नका. आणि लाइट जाऊन आल्यावर रेडिओ लागत नाही अशी तक्रार असेल तर त्यात बिघाड नसतो, रेडिओ अर्ध्या मिनिटात उठतो, फायबरचा डबा आणि राउटर उठायला तीन-चार मिनिटं घेतात, तोवर रेडिओने नाद सोडलेला असतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. डॅबचं बटण दाबून काही मिळत नाही म्हणून काळजी करू नका, डॅब ही युरोपातली डिजिटल रेडिओची पद्धत, आपल्याकडे डॅब प्रसारण नाही, आकाशवाणीने डिजिटलसाठी डीआरएम ही वेगळी पद्धत निवडली.

तर आज रात्री साडेआठच्या सुमारास हॉटस्पॉट लावून तासभर बघा, किती वाजून किती मिनिटांनी थांबला ते कागदावर लिहा. मग मला चार गोष्टी कळवा, सेटच्या मागचा मॉडेल नंबर, मेनूतलं सॉफ्टवेअर व्हर्जन, हॉटस्पॉटवर काय झालं, आणि आकाशवाणी न लागताना स्क्रीनवर दिसणारे नेमके शब्द, जर्मन भाषेत असतील तर फोटोवरून तसेच उतरवून. पायचा मार्ग घ्यायचा ठरला तर पुढची सेटिंग मी ओळीने लिहून देतो.